झाकलं सॉकेट सव्वा लाखाचं

आमच्या घरात टेबलाला भोक पाडण्यावरून जेवढी चर्चा झाली, तेवढी माझं लग्न ठरताना झाली नव्हती. लग्नाच्या वेळी आईने मुलीकडच्यांना दोनच प्रश्न विचारले होते. टेबलाच्या वेळी तिने मला सतरा विचारले, आणि त्यातला पहिला होता, "पण का?"

त्याचं मूळ ऑफिसात होतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसची कॉन्फरन्स रूम नवी केली. चौदा माणसं बसतील असं लांबलचक टेबल आलं. काळंभोर, तोंड पाहून भांग पाडावा असं चकचकीत. जुन्या टेबलावर मधोमध एक एक्स्टेन्शन बोर्ड असायचा. त्याचा एक कान तुटलेला, पोटाला सेलोटेप, आणि मीटिंगमध्ये निम्मा वेळ 'तुमचं झालं असेल तर मी लावू का' यात जायचा. नव्या टेबलावर काही म्हणजे काही नव्हतं. नुसत्या सहा चौकोनी रेघा.

पहिल्याच मीटिंगला दिल्लीचे साहेब आले. त्यांच्या लॅपटॉपची बॅटरी चार टक्क्यांवर. "चार्जिंग पॉइंट?" त्यांनी विचारलं. आम्ही लेकीच्या सासरच्यांना घर दाखवावं तसं टेबलाकडे बोट दाखवलं. टेबल गप्प. अ‍ॅडमिनवाल्याने एका चौकोनावर दाबलं. काही नाही. दुसऱ्यावर दाबलं. काही नाही. मग जो तो आपापल्या स्वभावावर गेला. अकाउंट्सच्या बाईंनी नखाने कड उचकटून पाहिली. आयटीवाला म्हणाला, एकदा बंद करून चालू करू; पण मुळात चालू कसं करायचं तेच तर विचारत होते. सेल्सवाल्याने साहेबांना चहा विचारला. दोन इंजिनियर टेबलाखाली शिरले आणि पाताळातून बोलावं तसे बोलू लागले, "वायर तर आलीय! वायर आलीय!" बॅटरी दोन टक्के.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन शिपाईमामा आत आले. त्यांनी ट्रे ठेवला, काय चाललंय ते पाहिलं आणि चौकोनाच्या एका कोपऱ्यावर मुठीने हलकेच ठोसा दिला. टक्क. झाकण वर आलं आणि त्याच्यापाठोपाठ एक चंदेरी खांब सावकाश, अगदी सावकाश उगवला. त्याच्या अंगावर तीन सॉकेटं, दोन यूएसबी, एक लॅनचं, म्हणजे इंटरनेटच्या केबलचं भोक. कुणीतरी चक्क टाळी वाजवली.

"हे दाबायचं नसतं साहेब," मामा कप मांडत म्हणाले. "ह्याला उठवायचं असतं."

शहाणा माणूस तिथेच सावध झाला असता. मी प्रेमात पडलो.

घरात तेव्हा अशी परिस्थिती होती की आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करतो आणि माझ्या टेबलाभोवती वायरींचं वारूळ झालं होतं. लॅपटॉपची एक, मॉनिटरच्या दोन, मोबाईलची, राउटरची, दिव्याची आणि एक कशाचीच नाही अशी. ही शेवटची वायर प्रत्येक घरात असते. ती कशाची ते कुणाला ठाऊक नसतं आणि फेकायची कुणाची छाती होत नाही. या सगळ्या जमिनीवरच्या एका एक्स्टेन्शन बोर्डाला जाऊन मिळत. केर काढणाऱ्या मावशींचा झाडू त्या बोर्डाला रोज साडेदहाला एक टोला देई, आणि रोज साडेदहाला मी वाक्याच्या मध्यावर मीटिंगमधून अंतर्धान पावे. आई दोनदा अडखळली. शेवटी बायको म्हणाली, "अहो, एक तर या वायरी या घरात राहतील, नाही तर मी." उत्तर द्यायला मला क्षणभर उशीर झाला, आणि माझी बाजू तिथेच पडली.

आता टेबलाबद्दल. ते माझ्या आजोबांचं. सातारच्या एका कचेरीच्या लिलावात त्यांनी घेतलेलं, अस्सल सागवानी. चार माणसं लागतात हलवायला. त्याच्या उजव्या कोपऱ्यात दौतीसाठी गोल भोक आहे आणि त्यावर बिजागरीची पितळी झाकणी. आजोबा टाक बुडवण्याआधी अंगठ्याने ती झाकणी उडवत आणि लिहून झालं की टिचकीने बंद करत. धूळ पडू नये, शाई वाळू नये, मांजराने दौत लवंडू नये. म्हणजे पाहा, टेबलात बसवलेली, हवी तेव्हा उघडायची आणि नको तेव्हा झाकायची सोय आमच्या घरात तीन पिढ्यांपासून होतीच. माझ्या शाळेतल्या बाकांनाही अशी भोकं होती. आमच्या वेळेपर्यंत दौती गेल्या होत्या, त्यामुळे त्यांत चिंचोके, पेन्सिलींची टोकं आणि मागच्या बाकावरच्यांसाठी चिठ्ठ्या ठेवायची पद्धत होती. त्याला डेटा पोर्ट म्हणायला माझी हरकत नाही. वेग बरा होता, फक्त गोपनीयता नव्हती. बाई मधेच चिठ्ठी काढून मोठ्याने वाचायच्या.

आणि एकूणच आपल्याला झाकाझाकीची हौस दांडगी. आमचा पहिला टीव्ही लाकडी खोक्यात होता, त्याला सरकती दारं होती. बातम्या झाल्या की देवघराचं दार लावावं तसं वडील ते दार लावत. शिलाई मशीन पोटात मान घालून टेबल होऊन बसायचं. फ्रिजच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, सोफ्यावर चादर आणि चादर मळू नये म्हणून वर आणखी एक टॉवेल. या घरात उघडावाघडा राहिला होता तो एकटा प्लग.

मी तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात विजेची कुठलीही वस्तू तिथे मिळते, अपमान वर फुकट.

"टेबलात बसवायचं सॉकेट आहे का? लपणारं?"

"लपणारी पाच प्रकारची आहेत. कसं लपणार ते सांगा."

मग त्यांनी एकेक काढून दाखवलं. एक म्हणजे नुसतं झाकण, आतल्या खड्ड्यात सॉकेटं, वायर बाहेर यायला कडेने ब्रशसारखे केस. त्याला खाली चार बोटं जागा पुरते. दुसरं आडवं, कड दाबली की उताणं पडणाऱ्या मुलासारखं गिरकी घेऊन वर येणारं. तिसरा तो, माझा, चंदेरी खांब. दुकानदाराने टिचकी मारली. टक्क. तो वर आला. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी किंमत ठरवली असावी.

"साडेचार हजार."

"एक्स्टेन्शन बोर्ड केवढ्याला आहे?"

"साडेतीनशे. तो घेऊन जा."

हा सल्ला प्रामाणिक होता हे आता कळतं. तेव्हा मला तो टोमणा वाटला आणि मी खांब घेतला.

"खाली जागा आहे ना?" पैसे मोजता मोजता त्यांनी विचारलं.

"कशाखाली?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुण्यातल्या दुकानदाराने असं पाहिलं की माणूस कुठल्याही प्रश्नाला 'हो' म्हणतो. मी म्हणालो, भरपूर आहे.

घरी आल्यावर आईचे आणखी पंधरा प्रश्न झाले. सतरावा तिने राखून ठेवला होता. "भोक आहे की त्यात आधीच एक."

"आई, ते दौतीचं. दोन इंचांचं. याला चार लागतं."

"म्हणजे आणखी एक पाडणार? मामंजींनी त्या एका भोकावर सबंध नोकरी काढली."

सुतारकाम करायला जो मिस्त्री आला तो मूळचा राजस्थानचा, आता पुणेकर. खोलीत शिरल्याबरोबर त्याने टेबलावर तळहात ठेवला आणि काढलाच नाही. "साहब, ये तो पुराना सागवान है," तो म्हणाला. "इसमें होल करना है?" ऑपरेशनच्या आधी डॉक्टर 'घरच्यांशी बोलणं झालंय ना?' असं विचारतात, तो सूर. मी घरच्यांकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर पाहत होती.

त्याने पेन्सिलीने फुली मारली, ड्रिलला गोल करवत लावली आणि सुरू केलं. दोनेक मिनिटं घर थरथरत होतं. मग आवाज एकदम बदलला, पातं आरपार गेलं. त्याने चकती उचलून माझ्या हातावर ठेवली. ती गरम होती. वरून पॉलिश, शाईचे डाग आणि कपांची वर्तुळं जिरून काळी पडलेली. आणि कापलेल्या कडेला आतलं लाकूड मधासारखं पिवळं, ताजं, जणू झाड काल पडलंय. वासही तसाच. मी ती नाकाशी धरून उभा होतो, तेवढ्यात आईने माझ्या हातातून काढून घेतली. ती आता लोणच्याच्या बरणीखाली असते. या सगळ्या प्रकरणात जी एक वस्तू पहिल्या दिवसापासून बिनतक्रार काम करते आहे, ती ही.

"साहब," टेबलाखालून मिस्त्रीचा आवाज आला. "नीचे तो ड्रावर है."

होता. सत्तर वर्षं होता. त्याच ड्रॉवरातून रोज पेन काढून मी ते टेबल वापरत होतो आणि खांब विकत घेताना तो मला आठवला नव्हता. खांब वर जितका येतो तितका खाली जावा लागतो, हे कुणाही पोराला कळेल असं गणित आहे. वर आलेला खांब वीतभर, म्हणजे खाली त्याची नळकांडी वीतभराहून जास्त. ड्रॉवर नेमका मधे.

"डिब्बा किधर जाएगा?" मिस्त्रीने विचारलं. मी काही बोललो नाही. मग त्यानेच मार्ग काढला आणि ड्रॉवरचा मागचा बहुतेक भाग कापून टाकला. आता तो ड्रॉवर ओढला की समोरची पाटी, पितळी कडी आणि मागे चार बोटं जागा एवढंच बाहेर येतं. पाहुण्यांना वाटतं ड्रॉवर आहे. त्यात एक पट्टी राहते, तीही आडवी.

संध्याकाळी इलेक्ट्रिशियन आला. पंचविशीचा पोरगा, कानात पेन्सिल, मला 'काका' म्हणणारा. मी चोपन्नचा आहे आणि या संबोधनाला अजून सरावलेलो नाही. त्याने खांब भोकात बसवला, खालून रिंग आवळली आणि नळकांड्याच्या बुडातून आलेली वायर हातात धरून उभा राहिला. वायरच्या टोकाला साधी तीन पिनांची टॉप होती.

"काका, ही कुठे लावायची?"

"भिंतीत."

"भिंतीतला पॉइंट कपाटामागे आहे. ही दीड मीटरची आहे. पोचत नाही."

"मग?"

पोरगं सज्जन होतं. त्याने दोन क्षण मला स्वतःहून समजायला दिले. मग म्हणाला, "एक्स्टेन्शन बोर्ड आहे का घरात?"

बायको काही बोलली नाही. आतून जुना बोर्ड आणून तिने त्याच्या हातात दिला, इतकंच. पण देवाला नैवेद्य दाखवताना धरतात तसा दोन्ही हातांनी धरून दिला.

मी विषय बदलावा म्हणून सॉकेटांकडे वळलो. "ही अशी वेडीवाकडी भोकं का आहेत रे?" खांबावरच्या सॉकेटांची तोंडं आपल्यासारखी तीन गोल भोकांची नव्हती, गोल, चपटी, तिरकी, सगळी भोकं एकमेकांत मिसळलेली, दुखऱ्या चेहऱ्यासारखी.

"युनिव्हर्सल आहे काका. कुठल्याही देशाची पिन जाते."

जाते. राहत मात्र नाही. पाहुणा सगळ्यांचा असला की घरचा कुणाचाच नसतो, तसं आहे ते. आपली तीन गोल पिनांची टॉप म्हणजे मुळात इंग्रजांची. १९३४ साली त्यांनी तिचं मानक छापलं. पुढे १९४७ साली त्यांनी दोन गोष्टी सोडल्या, एक भारत आणि दुसरी गोल पिन. स्वतःकडे चौकोनी पिनांची, पोटात फ्यूज असलेली नवी टॉप घेतली आणि गोल पिन आपल्याकडे राहिली. तेव्हापासून आपण ती जिवापाड जपली आहे. सहा अँपिअरची बारीक, सोळा अँपिअरची जाड, आणि गिझरची पिन इस्त्रीच्या सॉकेटात घालू पाहणारा एक तरी माणूस प्रत्येक कुटुंबात.

वरची पिन लांब आणि जाड का असते हेही त्या पोराने समजावलं. ती अर्थिंगची. आत जाताना सगळ्यांत आधी जाते, बाहेर येताना सगळ्यांत शेवटी येते, आणि आत शिरताना खालच्या दोन भोकांवरचे पडदे उघडते. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या जावेसारखं. मला हे फार आवडलं. आमच्याकडे दोन पिनांचा चार्जर लावताना वरच्या भोकात रिफिल खुपसून ते पडदे उघडायची जुनी रीत आहे, ती मी त्याला सांगितली. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही अजून आहात हे नशीब."

उरलं डेटाचं. खांबावर लॅनचं भोक होतं आणि ते रिकामं ठेवणं मला पटेना. इंटरनेटवाल्याचा माणूस बोलावला. त्याने निळ्या केबलची साल सोलली, आतून आठ तारा निघाल्या, दोन-दोनांची पिळं घातलेल्या चार जोड्या. पीळ का, तर जोडीतल्या दोघींवर बाहेरचा त्रास सारखाच पडतो आणि तो वजा करता येतो. (संसाराबद्दल इतकं नेमकं कुणी मला सांगितलं नव्हतं.) मग तो पीळ सोडवत, रंग लावत पुटपुटू लागला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. डोळे अर्धे मिटलेले. आईने दारातून ऐकलं आणि तिला वाटलं शुभं करोति चाललंय.

काम झालं. राउटर त्याच टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलेला. त्यातून निघालेली केबल टेबलामागून खाली उतरली, पायांभोवती फिरली, नळकांड्यातून वर चढली आणि खांबाच्या पोटात येऊन थांबली. राउटर ते लॅपटॉप अंतर दीड फूट, केबल चार मीटर. तरीही मी खूश होतो. लॅनची वायर हौसेने उचलली, लॅपटॉपला लावायला गेलो, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, लॅपटॉप उलटा केला. गेल्या वर्षी घेतलेल्या या पातळ लॅपटॉपला लॅनचं भोकच नाही.

"तुमचं वायफाय चांगलंय की," इंटरनेटवाला म्हणाला आणि निघून गेला.

पहिल्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून टेबलाशी बसलो. टेबल मोकळं. एकही वायर नाही. टक्क. खांब वर आला. मी लॅपटॉपचा चार्जर लावला, मॉनिटर लावला. आणि मग, खांब परत खाली दाबायला हात नेला तेव्हा, मला ती गोष्ट कळली जी साडेचार हजार घेण्याआधी कुणीतरी सांगायला हवी होती.

पिना लावलेल्या असताना तो खाली जात नाही. जाईल कसा? भोक खांबाच्या मापाचं, पिना बाहेर आलेल्या. म्हणजे हे सॉकेट लपतं, पण कधी, तर त्याचा काही उपयोग होत नसतो तेव्हा. काम करायचं असेल तर हा टेबलाच्या मध्यावर उघडाच उभा, अंगाला दोन्ही बाजूंनी वायरी लोंबकळत, सलाइनवर ठेवल्यासारखा. जुना बोर्ड निदान जमिनीवर होता.

शिवाय सॉकेटं तीन असली तरी पिना दोघांच्याच मावत. लॅपटॉपच्या चार्जरचा डोकं मोठं असलेला ठोकळा एकदा बसला की शेजारचं सॉकेट त्याच्या बगलेत जातं. हा ठोकळा वजनदार आणि युनिव्हर्सल सॉकेटाची पकड नव्या लग्नातल्या हस्तांदोलनासारखी. अर्ध्या तासाने तो हळूहळू मान टाकत बाहेर येई, आणि मला कळे तेव्हा बॅटरी चार टक्के. दिल्लीच्या साहेबांबद्दल मला पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

यूएसबीची दोन भोकं होती ती जुन्या चपट्या प्रकारची. हा प्रकार १९९६ चा. त्यात वायर पहिल्या खेपेला जात नाही, उलटी करून दुसऱ्या खेपेला जात नाही, आणि परत पहिल्यासारखी केली की जाते. असं का होतं ते कुणी सांगू शकत नाही. २०१४ ला दोन्ही बाजूंनी जाणारी टाइप-सी आली. युरोपने तर २०२४ च्या अखेरीपासून नवे फोन टाइप-सीचेच हवेत असा कायदा लागू केला. माझ्या नव्या फोनबरोबर आलेली वायरही दोन्हीकडून टाइप-सी. ती कुठूनही लावा, खांबाला लागत नाही. मग ती कशाचीच नसलेली वायर मी पेटीतून काढली, आणि काय सांगू, तीच बसली. फोन चार्ज व्हायला सुरुवात झाली. नाश्त्याच्या वेळी छत्तीस टक्के होता, जेवायच्या वेळी एक्केचाळीस. सागवान शंभर वर्षं सहज काढतं; त्यात बसवलेलं भोक मात्र बसवायच्या आधीच म्हातारं झालं होतं.

खांबाचा स्वभावही हळूहळू कळत गेला. मी बोटाने दाबलं तर तो यायचा नाही. मुठीने ठोकलं तर आठवड्यातून तीनदा यायचा. पण कोपर टेकलं की हमखास. एकदा वर्षाचे आकडे सांगत होतो. समोर पडद्यावर अकरा चौकोनांत अकरा गंभीर चेहरे. बोलण्याच्या भरात कोपर पडलं. टक्क. कॅमेऱ्याच्या आणि माझ्या मधोमध तो उगवू लागला. आधी माझी टाय गेली, मग हनुवटी, मग तोंड. मी बोलत राहिलो. शेवटी पुण्याच्याच एका मुलीने माइक चालू केला आणि हळूच म्हणाली, "सर, तुमच्यासमोर काहीतरी वर येतंय."

त्याचा शेवट चहाने झाला. कप कलंडला, अर्धा कप चहा टेबलावरून निवांत वाहत गेला. टेबलाला उतार आहे हे तेव्हाच कळलं. शाई कशी वाहत असेल हे आजोबांना ठाऊक असणार, म्हणून तर त्यांच्या दौतीच्या भोकाला काठ उंच आहे. खांबाच्या झाकणाला काठ नव्हता. त्याच्या चारी बाजूंनी चहा आत उतरला आणि सगळं घर गप्प झालं. पंखे, फ्रिज, आईची मालिका. ईएलसीबी नावाचा सुरक्षेचा खटका पडला होता. तीस मिलिअँपिअर वीज नको त्या वाटेने निघाली की तो पडतो आणि पडलेला बरा, हे पोराने नंतर सांगितलं. पण त्या वेळी आम्ही तो वर करत होतो आणि तो परत पडत होता. तीनदा झालं. बाहेर उकाडा. आई मालिकेत कुणाचं लग्न मोडलं ते कळलं नाही म्हणून चिडलेली.

"तांदळात ठेव," ती म्हणाली.

"काय?"

"ते. तुझा फोन पडला होता पाण्यात तेव्हा ठेवला होतास ना तांदळात?"

मी बेंगळुरूला मुलाला फोन लावला. तो संगणकाचा इंजिनियर आहे, म्हणजे घरातल्या कुठल्याही विजेच्या वस्तूबद्दल त्याला विचारायचा आम्हाला हक्क आहे. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, चहात साखर होती का?" होती. "मग आतून चिकट होणार. काढून टाका."

इलेक्ट्रिशियन आला. त्याने आधी खांबाची पिन काढली, मग ईएलसीबी वर केला; तो राहिला, मालिका सुरू झाली, लग्न मोडलेलं नव्हतं. मग त्याने खांब खोलला. आत सगळीकडे चहाचा तपकिरी पाक आणि दोन मुंग्या, ज्या इतक्या लवकर कशा पोचल्या देव जाणे. त्याने आतली सॉकेटं, यूएसबी, लॅन, सगळी आतडी काढून वर्तमानपत्रावर ठेवली.

"आता काय करू काका? खांब काढला तर भोक दिसेल."

"राहू दे तसाच," बायको म्हणाली. भोक दिसू नये म्हणून भोक बुजवणारी वस्तू ठेवायची, ती तिच्याचसाठी पाडलेल्या भोकात. मला हिशेब लागेना, पण मी बोललो नाही.

मग त्या पोराने स्वतःच्या मनाने एक काम केलं. एक्स्टेन्शन बोर्ड त्याने टेबलाच्या पोटाला, आतल्या बाजूने, दोन स्क्रूंवर उलटा टांगला. झाडू पोचत नाही, डोळ्याला दिसत नाही, आणि चहा वरून सांडला तरी जाडजूड सागवान मधे आहे. मग वायरी वर कुठून आणायच्या म्हणून त्याने टेबलावर हात फिरवला आणि बोट आपोआप त्या पितळी झाकणीखाली गेलं. दौतीच्या भोकातून लॅपटॉपची, मॉनिटरची आणि फोनची, तिन्ही वायरी अगदी आरामात वर आल्या. झाकणी त्यांच्यावर अर्धी टेकते, त्यामुळे टोकं घसरून खाली पडत नाहीत.

"हे आधीपासून होतं?" त्याने विचारलं.

आईने मान डोलावली. तिने एवढ्यावरच सोडलं, आणि हे मला जास्त लागलं.

खांब आता पोकळ आहे. जिथे सॉकेटं होती तिथे तीन चौकोनी कप्पे झालेत. पहिले काही दिवस ते तसेच होते. मग एकदा पाहिलं तर खालच्या कप्प्यात काडेपेटी, मधल्यात कापराची डबी आणि वरच्यात फुलवाती. देवघर त्याच खोलीत आहे, माझ्या खुर्चीमागे. आई दिवेलागणीला येते, तर्जनीने झाकणावर एकदाच टेकवते. टक्क. पहिल्या फटक्यात येतो. वात आणि काडी घेतली की तळहाताने खाली दाबते. तोही मुकाट्याने जातो. त्याला आता पिना नाहीत.

परवा दिल्लीच्या साहेबांची मीटिंग लांबली. पावणेसात झाले. मी तिमाहीचे आकडे सांगत होतो, आणि माझ्या पुढ्यात टक्क झालं. पडद्यावरच्या माझ्या चौकोनात आधी खांब उगवला, मग आईचा हात आला, काडी ओढल्याचा आवाज झाला आणि मागे समई पेटली.

"मिस्टर जोशी, आपके यहाँ पूजा है क्या?" साहेबांनी विचारलं.

"हात जोड आधी," मागून आई म्हणाली.

मी जोडले. अकरा चौकोनांतल्या सात जणांनीही जोडले. साहेबांनी जोडायला हात वर केले आणि तेवढ्यात त्यांचा चौकोन काळा झाला. बॅटरी गेली असणार.